योगिताच्या मशिनीतली गल्ली

सुरतेतल्या नवागामच्या ज्या गल्लीत योगिता जन्मली, तिथली माणसं भांडत नसली तरी भांडल्यासारखीच बोलतात. नवख्या माणसाला वाटतं, काहीतरी पेटलंय. पेटलेलं काही नसतं, एक बाई दुसरीला वांग्याचं भरीत कसं केलं ते सांगत असते. खाली खातं आणि वर खोल्या, अशी तिथली घरं. खातं म्हणजे मागांची शेड, सुरतेच्या मागवाल्यांचा तोच शब्द. दिवसपाळी संपते, रातपाळी लागते, पण मधे माग थांबत नाहीत. एक कारीगर हात काढतो, दुसरा हात घालतो. जन्मल्यापासून तो खडखडाट कानात बसलेला, त्यामुळे तो कोणाला ऐकूच येत नाही. योगिताचा बाप उखा, त्याला तर आता बाकीचंही फारसं ऐकू येत नाही.

उखा मूळचा शिरपूरकडचा. लग्नाआधीच सुरतेला आला, खालच्या खात्यात मागावर लागला आणि वरच्याच खोलीत त्याने संसार मांडला. त्याच्या घरात देवाधर्माचे नेम थोडे, पण एक नेम कडक. आठवड्यातून एक दिवस खातं बंद असतं, त्या दिवशी उखा झोपतो. उजाडल्यापासून मावळेपर्यंत, भिंतीकडे तोंड करून. त्या दिवशी घरात टीव्ही नाही, मिक्सर नाही, भांड्याला भांडं लागायला नको. लहानपणी योगिताला त्या दिवशी शेजारी पिटाळत. मोठी झाल्यावर ती आपणहून बाहेर पडू लागली. बापाची झोप मोडायची नाही, हे तिला कोणी शिकवावं लागलं नाही. चांगला नेम होता हो, कोण वाईट म्हणेल त्याला? पण पुढे त्यानेच घात केला.

योगिता म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकली, मग कॉम्प्युटरचं कॉलेज केलं. दिवसा ती कापड मार्केटातल्या एका पेढीवर बिलं बनवते. गल्लीत कोणाचा कॉम्प्युटर बसला, मोबाइल रुसला, की पहिली हाक तिला. पोरगी हुशार खरी, पण हुशारीच्या दुप्पट हट्टी, आणि घरावरून कोणी ब्र काढला की राग नाकाच्या शेंड्यावर. ‘आम्ही खात्यावरचे’ असं ती स्वतः म्हणेल. दुसऱ्याने म्हणून बघावं.

कॉलेजात तिला धनश्री भेटली. धनश्री सुरतेतल्याच, पण बऱ्या वस्तीतल्या अडाजणची, वडील दिलीपराव बँकेत, घरात पुस्तकांचं कपाट. पोरीच्या हातात चित्रकला होती. एका श्रावणात योगिताने तिला आपल्याकडे कानबाई देवीच्या सणाला बोलावलं. खानदेशातली माणसं सुरतेला आली ती कानबाईला डोक्यावर घेऊनच आली म्हणायची. रविवारी ती घरोघर बसते, नारळाला नाकडोळे, नथ, मळवट, आणि सोमवारी वाजतगाजत तापीकडे निघते. त्या दिवशी कारीगरच कामावर येत नाही, मग शेठ माग चालवणार कोणाच्या जिवावर? सगळी गल्ली रस्त्यावर. धनश्री जिन्याच्या पायरीवर बसून वहीत चेहरे काढत राहिली. फुगडी घालणाऱ्या बाया काढल्या, पानवाला चिंधा काढला, आणि एक हात कमरेवर, एक आभाळात धरून नाचणारा उखा काढला.

“आपण याचा गेम करायचा,” ती त्या दिवशी म्हणाली. “कानबाई डोक्यावर घ्यायची आणि गल्लीतून बाहेर काढायची. मारामारी नाही, गोळीबार नाही. नुसती गर्दी. प्रत्येक माणूस वेगळा.”

योगिताने तिचा हात धरून ठेवला. आपली गल्ली कोणाला अशी आवडेल, असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

गेम बनला. धनश्रीने चित्रं काढली, दोघींनी मिळून तो बांधला, पेढी सांभाळून, नोकऱ्यांच्या मुलाखती टाळून. बंगळुरूच्या एका कंपनीने थोडासा तुकडा बघितला आणि पसंत केला. अट एकच, गेम साध्या माणसाच्या साध्या कॉम्प्युटरवर अडखळता कामा नये. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, पुरा करून द्या, मग आम्ही बाजारात आणू. दोघींसाठी हा एकच दरवाजा होता. तो उघडला तर धनश्री नोकरीच्या मागे न लागता चित्रंच काढणार होती, आणि योगिताची पेढी सुटणार होती.

आता साधे कॉम्प्युटर आणायचे कुठून? ते काम योगिताने अंगावर घेतलं. एका ऑफिसाने भंगारात काढलेलं जाडजूड मशीन तिने घरी आणलं आणि त्याच्या पोटात चार खोटी मशिनं उभी केली. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. नवागामात एका खोलीत साडीचा पडदा बांधून दोन बिऱ्हाडं राहतात ना, तसंच. मशीन एकच, पण पडद्यामागचं प्रत्येक बिऱ्हाड समजतं की घर आपलंच. एकाला स्मरणशक्ती कमी द्यायची, एकाला जुनी विंडोज द्यायची, आणि गरिबाघरच्या कॉम्प्युटरवर गेम कसा पळेल ते बघायचं.

दिवाळीला गल्ली गावी गेली, योगिताही गेली. परत आल्यावर तिने गेम लावला. कानबाई दारातून निघाली, कोपऱ्यावर वळली, आणि गर्दी समोर आली तशी थबकली. एक पाय उचललेला तसाच. मग एकदम तीन घरं पुढे. मग परत थबकली.

योगिताला त्याचं काही वाटलं नाही, उलट अशा कामाला ती आसुसलेलीच होती. आधी तिने चारांपैकी तीन मशिनं बंद करून एकच चालवलं. अडखळलंच. मग त्याला स्मरणशक्ती वाढवून दिली. अडखळलंच. व्हायरस पकडणारं सॉफ्टवेअर काढलं, झाकण उघडून समोर टेबलफॅन ठेवला. तरी तेच. शेवटी तिने आतली मापं लावली. मशिनीचा मेंदू बिचारा मोकळा बसलेला, वाट बघत. अडत होतं ते डिस्कपाशी. गेमची सगळी चित्रं डिस्कवर, आणि ती डिस्क म्हणजे आतली तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावर केसाहूनही कमी अंतरावरून सुई फिरते, ती जुन्या जातीची. सुई वाचायला जाई, चुके, परत जाई.

म्हणजे डिस्क खराब. तिने दुसरी आणली. तेच. तिसरी मागून आणली. तेच. आता तीन डिस्का एकदम खराब कशा असतील? तिने सरळ हिशेब मांडला की डिस्कचा दोष नाही, गेमच तिच्याकडून फार मागतोय. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती इथे ठरली. आणि गंमत अशी, की हिशेबात कुठे चूक दाखवता येणार नाही.

धनश्री एकदा साध्या कामाच्या दिवशी तिच्याकडे आली होती. आल्या आल्या तिने कानांवर हात ठेवले.

“मागच्या वेळी असं नव्हतं गं.”

“कसं?” योगिताने विचारलं. तिला खरोखर कळलं नाही.

योगिताच्या आईने, प्रमिलाबाईंनी, पाण्याचा पेला पुढे ठेवला. पेल्यातलं पाणी बारीक बारीक थरथरत होतं. धनश्री त्याच्याकडे बघत राहिली, मग पाणी पिऊन मोकळी झाली. अरे, बघा ना, दोन शिकलेल्या पोरी, मधे पेला, मागे ते मशीन! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

“माझ्या लॅपटॉपवर मात्र छान पळतोय,” धनश्री म्हणाली.

“तुझ्यावर पळेलच. नवा कोरा आहे तो. आमच्यासारख्यांकडे पळायला पाहिजे.”

“मग एक करू. हे मशीन काही दिवस आमच्याकडे नेऊ या? तिकडे लावून बघू.”

इथे योगिताचं डोकं फिरलं. “का? इथे काय आहे? धूळ आहे? लाइट बरोबर नाही? आमच्या घरात मशीनसुद्धा आजारी पडतं, असंच ना?”

“मी असं कुठे म्हटलं?”

“घराला काही झालेलं नाही. गेम जड आहे तुझा.”

धनश्रीने विषय सोडला. सभ्य घरची पोर, गरिबाघरी बसून वाद कसा घालायचा हे तिला कधी शिकवलेलंच नव्हतं. तेवढ्या वेळी तिने भांडायला पाहिजे होतं.

मग कापाकापी सुरू झाली. आधी तारांवरच्या चिमण्या गेल्या. मग गॅलरीतले कपडे, कुत्री, तुळशीचे डबे. प्रत्येक कापणीनंतर गेम थोडा सुधारे, कारण वाचायला कमी उरलं की सुई कमी चुकणारच. योगिताला वाटे, बघ, मी म्हणत नव्हते? मग माणसांची पाळी आली. वाजंत्री गेली, फुगडी गेली. दर वेळी योगिता फोन करून सांगे, “अजून थोडं कमी कर,” आणि दर वेळी धनश्री म्हणे, “बरं.” मग एक दिवस तिने विचारलं, “आता उरले तुझे आबा आणि चिंधा. त्यांना तरी ठेवू?”

योगिताने मशिनीकडे बघितलं. कानबाई उखापाशी येऊन अडली होती.

“काढ,” ती म्हणाली.

तुम्ही म्हणाल, एवढ्या महिन्यांत एकदाही त्या पोरीने माग बंद असताना मशीन लावलं नसेल? नाही लावलं. लावणार कधी? सुट्टीच्या दिवशी बाप झोपलेला. उत्तराणाला, म्हणजे संक्रांतीला, माग बंद, तर सगळी गल्ली पतंग घेऊन गच्चीवर. होळीला माग बंद, तर सगळे गावाला. लाइट गेली की माग थांबत, पण मशीनही त्याच तारेवरचं. माग आणि ते मशीन बरोबर उठत आणि बरोबर निजत. शांत नवागामात जागं आणि घरात असलेलं माणूसच नसतं मुळी.

आखाजीला गेम कंपनीकडे गेला. गल्ली, कानबाई, आणि तिला नेणारी एक बाई. कुठे अडखळत नव्हतं. कंपनीचं उत्तर आलं ते सभ्य होतं. गेम सुरळीत चालतो, पण आम्हाला आवडली होती ती माणसं. आता या गल्लीत कोणी राहतंय असं वाटत नाही. तेव्हा क्षमा असावी.

धनश्री रडली नाही, भांडली नाही. वडोदऱ्याला एका विम्याच्या ऑफिसात तिने नोकरी धरली. जाण्याआधी योगिताला भेटायला आली नाही, नुसता निरोप धाडला. योगिता पेढीवर बिलं बनवत राहिली. मशीन खोलीच्या कोपऱ्यात चादरीखाली पडून होतं. शेवटी कॅमेरे बसवणाऱ्या लोटूने ते मागितलं आणि तिने देऊन टाकायचं ठरवलं. श्रावण लागला होता. कानबाई झाल्यावर मंगळवारी येतो, असं तो म्हणाला.

सोमवारी कानबाई निघाली. प्रमिलाबाईंनी पोरीला दोनदा हाक मारली. “चाल वं माय, कानबाईना दिन शे.” योगिता उठली नाही. गर्दीत नाचायचं तिच्या मनातून गेलं होतं. घरात कोणी नाही, तेवढ्यात मशीन पुसून रिकामं करावं म्हणून तिने चादर काढली, बटण दाबलं.

पुसण्याआधी एकदा बघू, म्हणून तिने आतलं जुनं खोटं मशीन उघडलं. पहिलंच, गर्दी भरलेलं. त्यावेळचा बांधलेला गेम तिथे तसाच पडून होता. कानबाई दारातून निघाली, कोपऱ्यावर वळली, गर्दी समोर आली. आणि ती थांबली नाही. फुगडीच्या बाया गरगर फिरल्या. वाजंत्री हलली. चिमण्या उडाल्या, त्या किती सुरेख काढल्या होत्या हे योगिता विसरूनच गेली होती. कानबाई चिंधासमोरून गेली, उखासमोरून गेली, एक हात कमरेवर, एक आभाळात, आणि गल्लीच्या टोकाला पोचली.

तिला वाटलं, मापं चुकताहेत. तिने दुसरं खोटं मशीन उघडून तोच गेम लावला. मग तिसरं. मग चारही एकदम लावली. चार कानबाया, चार मिरवणुका, कोणी अडखळेना.

बाहेरचा बँड लांब गेला. ऐकू येत होता तो बारीक होत होत बंद झाला. आणि तिला एक बारीक घरघर ऐकू आली. ती मान वळवून बघू लागली, कुठून येतंय. तो त्या मशीनचाच पंखा होता. वर्ष होत आलं होतं ते मशीन घरात येऊन, आणि त्याचा आवाज ती पहिल्यांदा ऐकत होती.

बाजूला पेला होता. पाणी हलत नव्हतं.

योगिता खाली फरशीवर बसली. तळहात फरशीवर ठेवला. फरशी गार होती, मुकी होती. रोज ती फरशी हादरते हे तिला त्या दिवशी कळलं, हादरायची थांबली तेव्हा. तीच थरथर टेबलात, टेबलातून मशिनीत, मशिनीतून त्या सुईत. गेम जड नव्हता. डिस्क वाईट नव्हती. दोष घराचाच होता, आणि धनश्रीने ते मशीन उचलून न्यायचं म्हटलं तेव्हा हिने तिच्या तोंडावर दार लावलं होतं. योगिता तिथेच बसून मोठ्याने रडली. शेजारी कोणी नव्हतं म्हणून बरं.

संध्याकाळी तापीवरून सगळे परतले. उखाच्या कपाळावर गुलाल, अंगावरचा सदरा घामाने ओला. तो मशीनच्या पडद्यापुढे येऊन उभा राहिला आणि बघत राहिला.

“हाऊ मी शे का?” त्याने नाचणाऱ्या चित्राकडे बोट दाखवून विचारलं.

योगिताने हो म्हणून मान हलवली.

त्याने आपला हात तसाच वर करून बघितला, पडद्यावरच्यासारखा, आणि लाजून हसला. मग प्रमिलाबाईंना ओढून आणून दाखवलं. आपल्याला काढून टाकलं होतं हे त्याला माहीत नव्हतं, आणि सांगायला योगिताची जीभ रेटली नाही.

धनश्रीला लगेच फोन करावा असं तिला वाटलं, पण केला नाही. गेम जड आहे म्हणतानाही तिला स्वतःला अशीच खात्री होती. या वेळी माग परत सुरू झाल्यावर काय होतं ते बघायचं, मगच बोलायचं.

मंगळवारी सकाळी उखाने भाकरीचा डबा घेतला आणि जिना उतरला. योगिता पेढीवर गेली नाही. चारही मिरवणुका तिने चालू ठेवल्या होत्या. खाली पहिला माग लागला. काही झालं नाही. मग दुसरा, मग त्याच्या पलीकडचे. एकेक कारीगर आपापल्या मागाचा दांडा ओढत होता. पेल्यात बारीक वर्तुळ उमटलं. पडद्यावर आधी मागची वाजंत्री थबकली. मग चिमण्या तारेवरून उडता उडता राहिल्या. मग फुगडीच्या बाया. उखा थोडा वेळ नाचत राहिला, आणि मग तोही थांबला, हात आभाळात. खाली खराखुरा उखा आपले माग सुरू करत होता.

तिने फोन लावला. धनश्रीने उचलला. योगिताने सगळं सांगितलं, पेला, फरशी, पंखा, सगळं. “तू तेव्हा मशीन न्यायचं म्हणाली होतीस. मीच नाही म्हटलं.”

पलीकडे ऑफिसातली खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

“बरं झालं कळलं,” धनश्री म्हणाली.

“जुना गेम आहे माझ्याकडे. नुसता तयार झालेला. तुझी मूळ चित्रं काढ, आपण परत…”

“नाहीत. लॅपटॉप रिकामा करून भावाला दिला. वह्याही रद्दीत गेल्या.”

“मग निदान हा तरी पाठवू का? चालतो गं तो. सगळी माणसं आहेत त्यात.”

“नको, योगिता. मला बघवणार नाही. आणि मी कामावर आहे.”

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. योगिताने फोन ठेवला. मग जिना उतरून खाली गेली. लहानपणानंतर तिने खात्यात पाऊल टाकलं नव्हतं. आत मागांच्या मधल्या बोळात तंतूंचा भुगा उडत होता, आणि उखा एका मागावरून दुसऱ्याकडे, तुटलेला धागा शोधत, फिरत होता. पोरीला बघून तो दचकला. भुवया उंचावून त्याने विचारलं, काय झालं?

“आबा,” ती म्हणाली, “मीच काढायला लावलं तुम्हाला. तुमची काही चूक नव्हती. कोणाचीच नव्हती. मी गल्ली सगळी रिकामी केली.” ती ओरडून म्हणाली, पूर्ण छातीतून, पण तिचं तिलाही ऐकू आलं नाही.

उखाने हात वर केला. खात्यात ज्याला त्याला कळणारी ती खूण, आत्ता नाही, घरी गेल्यावर सांग. मग तो पुन्हा मागाकडे वळला.

वर लोटू येऊन दाराशी उभा होता. योगिताने काही न पुसता प्लग काढला, वायर गुंडाळली आणि मशीन त्याच्या हातात दिलं.